ऋण न काढता सण

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)

मंडळी,

दिवाळी आता तीन आठवड्यांवर आली. काल रात्री वर्ग सुटल्यावर दोघी भगिनी पायरीवर बोलत उभ्या होत्या. एक म्हणाली, "औंदा लेकीचा पहिला सण हाय. जावयाला काय करावं, सुचंना झालंय." दुसरी म्हणाली, "सुचतंय गं समदं. पैका कुठाय?" आम्ही तिथेच चपला शोधत होतो, त्यामुळे हे बोलणे आमच्या कानांवर पडले. म्हणून आज जोडाक्षरांचा धडा बाजूला ठेवला आहे. आज आपण सणाच्या देण्याघेण्याबद्दल बोलू.

सण आला की देणे आले. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, ताटात काही घालावे लागते. भाऊबीजेला बहीण ओवाळते, तिथेही ताट आहेच. लेकीचा पहिला दिवाळसण असला तर जावयाचा मान. त्यातून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी धोंड्याचा महिना येतो, मग जावयाला तेहतीस अनारसे आणि वर आणखी काही. कोणी म्हणेल, या चालीच मोडून टाका. आम्ही तसे म्हणणार नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाच्या हातावर एक दिवस कोणी आठवणीने काही ठेवले, तर त्यात वाईट काय आहे? वाईट आहे ते निराळेच. ते सांगायचे तर आम्हाला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. ती आम्ही आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पाऊस थोडा, दगड फार. 1972 च्या दुष्काळात विहिरी आटल्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. ती आई पदरात बांधून आणी आणि आम्हा भावंडांना वाटे. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. पुढल्या साली पाऊस बरा झाला. 1974 च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, लग्न झाले. लग्न जेमतेम निभावले, तोच दिवाळी आली. पहिला सण. जावई येणार.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा मोठे हिशेबी. चहासुद्धा पाहुणा आला तरच प्यायचे. पण त्या दिवाळीला त्यांचा हिशेब सुटला. आमच्या आळीतल्या एका घरी जावयाच्या बोटात सोन्याची अंगठी घातली होती आणि ती साऱ्या गावाने पाहिली होती. आबा एका सावकाराकडे गेले आणि अडीचशे रुपये घेऊन आले. व्याज शेकडा पाच रुपये, दर महिन्याला. अंगठी झाली, जावयाला कापड झाले, अक्काला लुगडे झाले. जावई भला माणूस होता. त्याने काही मागितले नव्हते. शेतात काम करताना अंगठी बोटात रुतते म्हणून तो ती काढून खुंटीवरच्या पिशवीत ठेवी. ती अंगठी पुढे पिशवीतच राहिली.

आता पाट्या घ्या आणि मांडा. शंभराला महिन्याचे व्याज 5 रुपये. अडीचशेला किती? साडेबारा. बारा महिन्यांचे? 150. दोन वर्षांचे? 300. म्हणजे अडीचशेच्या कर्जाला दोन वर्षांत तीनशे रुपये व्याज गेले आणि अडीचशे जसेच्या तसे उभे राहिले! आबांचा रोज तेव्हा तीन रुपये होता. महिन्यातले चार दिवस, आणि वर थोडेसे, आबा सावकारासाठी राबत. उरलेल्या दिवसांत आमच्यासाठी. दोन वर्षांनी दावणीची गाय विकली आणि मुद्दल फेडले. शेकडा पाच ऐकायला किती लहान वाटते! वर्षाचे ते शंभराला साठ होते. आबांना तोंडी हिशेब चांगला येई, पण हा हिशेब त्यांनी कधी पुरा केलाच नाही. केला असता तर भीती वाटली असती, म्हणून केला नाही, असे आम्हाला आता वाटते.

गाय गेली याचे दुःख झालेच, पण नुकसान त्याहून मोठे होते. 1975 च्या दिवाळीला अक्का माहेरी आली. नरकचतुर्दशीच्या सकाळी ती चुलीपाशी पाणी तापवीत होती. सावकाराचा माणूस अंगणात येऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "लेकीचं कौतुक करायला पैसा आहे, आणि व्याज द्यायला नाही काय?" आबांनी त्याला हात जोडून बाहेर नेले. अक्का काही बोलली नाही. चार दिवस राहिली आणि सासरी गेली. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. तिच्या पुढच्या दिवाळीलाही आली नाही. पत्र येई, "कामाचा खोळंबा आहे, येता येत नाही." आईला वाटे, लेक सासरी रमली, माहेर विसरली. आबा काहीच म्हणत नसत.

ही गोष्ट आम्ही इथे थांबवतो. पुढली मग सांगू.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही जुनी गोष्ट झाली. आता सावकार कुठे राहिलाय? आम्ही सांगतो, कर्ज पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. पूर्वी त्याच्या दारी चालत जावे लागे, आता ते खिशातल्या मोबाईलवर आपणहून येते. दुकानातही बाई मिक्सर पाहायला गेली की दुकानदार म्हणतो, "आत्ता काहीच देऊ नका, हप्ता बांधून देतो." मिक्सर घरी येतो आणि त्याच्यामागे हप्ता येतो. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात 2014 साली सावकारीचा नवा कायदा झाला. परवाना नसताना सावकारी करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारानेही हिशेब लेखी दिला पाहिजे, पैसे घेतले की पावती दिली पाहिजे. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केले. वर्षाला एकूण किती टक्के पडणार, हे त्यांनी कर्ज देण्याआधी लेखी सांगावे लागते. तो आकडा आधी वाचा. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. दवाखान्यासाठी कर्ज काढावे लागले तर गोष्ट वेगळी. ओवाळणीसाठी काढू नका.

मग द्यायचे काय?

पहिली गोष्ट अशी की दुकानात जायच्या आधी माणसाकडे पाहा. अजून तीन आठवडे आहेत, म्हणूनच आज बोलतो आहोत. आईच्या चष्म्याची काडी मोडलेली असते. तिने ती दोऱ्याने बांधून कानात अडकवलेली असते, आणि मुलगा तिच्यासाठी साडी शोधत बाजारभर हिंडतो! अहो, ती काडी बसवायला किती पैसे पडतात? घरच्या बाईचा कुकर शिट्टी देत नाही, कडेने वाफ जाते. त्याची रबरी रिंग जुनी झाली आहे. रिंग आणि शिट्टी आणून पाडव्याच्या ताटात घाला, पाहा ती हसते की नाही. हसेल, पण तुमच्या लक्षात आले याचे तिला नवलही वाटेल. बापाच्या काठीचे खालचे रबर झिजले आहे, काठी फरशीवर घसरते. थंडीत म्हातारीला गोधडी पुरत नाही. घरात चार जुनी लुगडी असतील तर दोऱ्याच्या रिळाखेरीज खर्च नाही. दोघी जावा रोज दुपारी तास-दीड तास बसल्या तर दिवाळीपर्यंत गोधडी हातावेगळी होते. जुने लुगडे वापरून मऊ झालेले असते, त्याची ऊब विकतच्या चादरीला येत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या अंथरुणावर अजून तीच आहे.

काही देण्यांना पैसाच लागत नाही. आमच्या शेजारच्या एका आजोबांना मोतीबिंदू झाला होता. मुले मुंबईला. दर दिवाळीला मिठाईचा खोका पाठवायची. आजोबांना मधुमेह! तो खोका आम्हीच खात असू, खोटे कशाला बोला. एका वर्षी त्यांच्या नातवाने सुटी घेतली, आजोबांना सरकारी दवाखान्यात नेले, शस्त्रक्रिया होईपर्यंत सोबत राहिला आणि पट्टी सुटल्यावर घरी आणून सोडले. एस.टी.चे भाडे तेवढे लागले. आजोबा पुढली दिवाळी आली तरी त्याचेच सांगत होते.

बहिणीच्या घराला चुना द्यायचा राहिला असेल तर भाऊबीजेच्या आधीच्या रविवारी जाऊन देऊन या. तिच्याकडे परसबाग असेल तर आपल्या वेलाच्या दुध्याचे, घेवड्याचे बी पुडीत बांधून द्या. पुडीवर नाव लिहा, आता तुम्हाला लिहिता येते. आपल्याकडे बायका बी राखेत घालून ठेवतात, ते किडत नाही. वेल मांडवावर चढला की बहीण भाजी तोडताना रोज भावाची आठवण काढील.

पोरांचेही सांगतो. पोरांना फटाके हवेत हे खरे, आणि थोडे आणावेत. आम्ही सगळेच बंद करा म्हणणारे मास्तर नव्हे. पण किल्ला करायला बाप स्वतः पोरांबरोबर मातीत बसला, तर त्या पोराला काय वाटते, ते बापाने एकदा बसूनच पाहावे. माती फुकट, दगड फुकट, जुने गोणपाट घरात असते. वरून मोहरी किंवा अळीव पेरा आणि पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांत हिरवे उगवते. म्हणजे वसुबारसेच्या आधीच पेरायला हवे, हे तेवढे विसरू नका. दर वर्षी कोणीतरी विसरतो आणि पाडव्याला बोडका किल्ला घेऊन बसतो.

आता काय देऊ नये तेही सांगतो. ज्याचा कोणालाच उपयोग नाही ते देऊ नये. आपल्या बायकांत ब्लाउज पीस म्हणून एक वस्तू आहे. ती शिवली जात नाही, नुसती फिरते. एका घरी ओटीत येते, दुसऱ्या घरी ओटीत जाते. आमच्या घरी एकदा याची परीक्षा घेतली. आमच्या पत्नीने एका पिसाच्या कोपऱ्यात शाईचा बारीक ठिपका दिला आणि तो शेजारी दिला. चार वर्षांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो ठिपक्यासकट घरी परत आला! गावातल्या किती कपाटांतून जाऊन आला असेल देव जाणे. त्या वर्षापासून त्या संक्रांतीला वाण म्हणून सुयांचे पाकीट आणि दोऱ्याचे रीळ लुटतात. लोक आधी हसले. आता दोन घरे सोडून तिसऱ्या घरीही तसेच करतात.

साने गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. तुमचे वाचन जरा पुढे गेले की ते आपण वर्गात घेणार आहोत. त्यात श्याम दापोलीला शिकायला असतो. धाकट्या भावाचा कोट फाटला आहे हे त्याच्या ध्यानात असते. तो खाऊचे पैसे खर्च करीत नाही, साठवतो, त्यातून भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला पावसात चालत घरी घेऊन येतो. सांगायचे ते इतकेच, की भावाचा कोट फाटला आहे हे त्याने पाहिले होते. पैसे त्यानंतर साठवले. आपण पैसे आधी मोजतो आणि मग त्या पैशात काय येते ते शोधतो.

पैसे साठवायचे म्हणाल तर आठवड्याला दहा रुपये बाजूला टाका. या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत बावन्न आठवडे धरा. किती झाले? पाचशे वीस. घरातल्या डब्यात ठेवाल तर आषाढात कोणाला तरी लागतील आणि जातील, म्हणून बचत गटात ठेवा किंवा पोस्टात ठेवा. पाचशे वीस रुपयांत अंगठी येत नाही. काडी, रिंग, रबर, दोऱ्याचे रीळ, हे सगळे येते आणि फराळाच्या बेसनालाही उरतात. फराळाचेही पाच जिन्नस झालेच पाहिजेत असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? पातळ पोह्यांचा चिवडा चांगला करा, डबा भरून करा, आणि ज्या घरी करणारे कोणी नाही त्या घरी आधी द्या.

थोडे दिले तर शोभेल का, अशी एक लाज असते. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवा मुलींसाठी आश्रम काढला. पुढे त्या संस्थेने स्त्रियांच्या शिक्षणासाठी भाऊबीज निधी जमवायला सुरुवात केली. त्यात लहान माणसांच्या लहान रकमाही आल्या. त्या पैशावर मुली शिकल्या. भाऊबीज थोडी म्हणून त्या मुलींना कोणी हसले नाही.

आता त्या पायरीवरच्या भगिनीला जावयाबद्दल एक सांगायचे आहे. आपण होऊन दिले ते वेगळे आणि सोयऱ्यांनी मागून घेतले ते वेगळे. लग्नासाठी काही मागणे आणि देणे हा 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. सणाच्या नावाने मागितले तरी त्याचा रंग बदलत नाही. पण बहुतेक घरी कोणी मागत नाही. आपणच समजतो की मागत असतील. आमच्या आबांचे तसेच झाले. आम्ही त्यांना मूर्ख म्हणणार नाही. लेकीला सासरी कोणी हिणवू नये, एवढ्यासाठी त्यांनी ते केले. पण त्यांनी जावयाला बाजूला घेऊन एकदा विचारले असते, "बाबा, औंदा बेताचं आहे," तर तो भला माणूस काय म्हणाला असता? आम्ही पुढे त्याला विचारले. तो म्हणाला, "मला एक चांगलं खोरं पाहिजे होतं."

आता अक्काची राहिलेली गोष्ट सांगतो.

1978 साली आम्ही शिक्षक म्हणून नोकरीला लागलो. पहिल्या पगारातून साडी घेतली आणि भाऊबीजेला आपणच अक्काच्या गावी गेलो. तिने ओवाळले. साडी पाहिली, घडी तशीच ठेवून ट्रंकेत टाकली. आम्हाला राग आला. आम्ही म्हणालो, "अक्का, तू माहेर तोडलंस. आई रडते." तेव्हा ती बोलली. "मी आले की आबा कर्ज काढतात. मीच आले नाही तर कशाला काढतील?" आम्ही विचारले, "मग पत्रात तसं का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "पत्र धाकटा दीर लिहितो. त्याला काय सांगू? माझ्या बापाला कर्ज आहे म्हणून?"

मंडळी, अक्का शाळेत गेली नव्हती. घरात तीच थोरली, धाकट्यांना सांभाळायला तिला ठेवले. तिने सांभाळले म्हणून आम्ही शाळेत गेलो. हे आम्हाला ठाऊक होते, पण त्या दिवसापर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

दिवाळीची सुटी होती. आम्ही चार दिवस तिथेच राहिलो. रात्री जेवणे झाली की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने अक्षरे काढायची. तिची सासूही येऊन बसे. पहिल्या दिवशी नाव, दुसऱ्या दिवशी आई, आबा, दादा. चार दिवसांत लिहिणे येत नाही, पण वाट सापडते. निघताना आम्ही पोस्टातून बारा कार्डे आणली. बाराही कार्डांवर आमचा पत्ता आमच्या हाताने लिहिला, आणि एक पेन्सिल दिली. साडीच्या किमतीपुढे ही सगळी खरेदी म्हणजे चिल्लर होती.

होळीच्या सुमारास पहिले कार्ड आले. अक्षरे तिरकी, काना-मात्रा जागेवर नाहीत. लिहिले होते, "आबाना सांग मि यते. काय आनु नका." आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि पटक्यात खोचले. पुढे ते घामाने पुसट होऊन गेले. 1979 च्या दिवाळीला अक्का आली. जावई बरोबर होता. आम्ही दोघांनी मिळून त्याच्यासाठी खोरे आणले होते. आबा मात्र कुरकुरले, "जावयाला खोरं देतात का कुठं!" दांडा बसवून मात्र त्यांनीच दिला.

बारापैकी शेवटचे कार्ड यायला तीन वर्षे लागली. त्यावर सगळ्या मात्रा जागेवर होत्या.

असो. आता पाट्या पुसा आणि तीन रकाने आखा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्या माणसाचे काय मोडले आहे, फाटले आहे, अडले आहे ते. तिसऱ्यात रुपये. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्यात काही लिहायचे नाही. ज्यांना जोडाक्षर अडेल त्यांनी शेजाऱ्याला विचारावे, पण ज्याच्यासाठी आणायचे तो माणूस वर्गात असेल तर पाटी झाकून धरावी. पहिली ओळ आम्ही फळ्यावर लिहून देतो.

आई. चष्म्याची काडी. वीस रुपये.